झाकण उचलून बघणारे तात्या

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पौडच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत होतो. फोन पुतण्याचा होता, तो रडत होता, तरी मी फोन ठेवला, त्यालाच उलट लावला आणि विचारलं, "नक्की का रे?" निर्लज्जपणा वाटेल, पण ही तात्यांचीच शिकवण. आलेल्या फोनवर भरवसा ठेवायचा नाही, आपण लावलेल्या फोनवर ठेवायचा. बातमी खरीच होती... महिना होत आला, अजून वाटतं, एकदा परत लावून बघावा.

तात्या माझे थोरले भाऊ, चौदा वर्षांनी मोठे. मुठ्याला आमच्या एकत्र घरात राहून भातशेती करायचे आणि जोडधंदा म्हणून संशय घ्यायचे. घरच्या म्हशीचं दूधसुद्धा बोट बुडवून बघत. माझ्या दुकानात आले की निघताना प्रत्येक मशीनचं झाकण उचलून काच तपासत. म्हणत, "अस्सल कागद आत ऱ्हातोय आन मानूस नक्कल घिऊन घरी जातंय." मी मनात हसायचो. अख्ख्या तालुक्याचे फॉर्म भरणारा मी, मला हा चौथी शिकलेला माणूस काय शिकवणार!

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी सायली पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं दक्षिणेतल्या एका नामांकित विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला बदली मागायचं ठरवलं. अर्ज देशभरातून, जागा बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि संधी एकदाच. यंदा हुकली की कायमची गेली. पोरगी महिनाभर धड जेवली नव्हती. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "येवढं चांगलं हाय, तर दोन वर्सांनी जागा रिकामी कशी झाली? कोन पळालं तितनं? का पळालं?"

"तात्या, तुम्ही काय माझं स्थळ बघताय का?" सायली चिडली.

"स्थळ परवडलं. तितं निदान घर बघाया मिळतंय."

स्थळाच्या चौकशीची त्यांची रीत घरात प्रसिद्ध होती. ज्यांचं घर, त्यांना काही विचारायचं नाही. शेजाऱ्यांना विचारायचं, आणि घरात फक्त पाणी मागायचं. तांब्या घासलेला असला तर पुढचं बोलणं.

ऑनलाइन अर्जाला कॉलेजचं सहीशिक्क्याचं ना-हरकत पत्र स्कॅन करून जोडायचं होतं. प्रत एकच, आणि प्राचार्य लांबच्या रजेवर गेलेले. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ते पत्र सापडेना. घर उलटंपालटं केलं. तात्या तीन दिवसांपूर्वी मारुंजीला मेहुण्याकडे जातो म्हणून निघाले होते. मेहुण्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "हितं न्हाई आले." मग माझ्या डोक्यात तात्यांचाच संशय शिरला. पोरीनं जाऊ नये म्हणून यांनीच कागद दडवला! त्यांच्या ट्रंकेच्या कडीत ते काळा दोरा बांधून ठेवत, कुणी उघडली तर कळावं म्हणून. मी तो दोरा तोडला. आत धोतरं, जमिनीचे कागद आणि डांबराच्या गोळ्या. पत्र नव्हतं. दोरा पुन्हा बांधला, पण त्यांच्यासारखी गाठ मला कुठली यायला!

दुसऱ्या दिवशी पाचला मुदत संपणार होती. दुपारी तात्या पिशवी घेऊन सरळ दुकानातच उतरले. सायली कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, डोळे सुजलेले. मी गिऱ्हाइकांसमोरच ओरडलो, "तात्या, कागद कुठंय? पोरीचं वाटोळं करून काय मिळालं तुम्हाला?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. नव्या मशीनचं झाकण उचललं. काच रिकामी. मग फक्त स्कॅनिंगला ठेवलेल्या जुन्या मशीनवरचं फडकं काढलं, झाकण उचललं... आणि आतला कागद सायलीच्या हातात दिला. चार दिवसांपूर्वी मीच तो आत ठेवला होता. वीज गेली, मशीनवर फडकं टाकून मी घरी निघून गेलो होतो.

सायली तिथंच रडायला लागली. "आदी त्यो फारम धाड," तात्या म्हणाले, "मग रड निवांत." अर्ज गेल्यावर चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. ते मारुंजीला गेलेच नव्हते, रेल्वेनं थेट त्या विद्यापीठाच्या गेटवर पोचले होते. तिथल्या बिहारी वॉचमनला मोडक्या हिंदीत त्यांनी दोनदा विचारलं, जागा रिकामी का झाली. "पोरगं परदेशात शिकाया गेलंय. पळालं न्हाई." मग हॉस्टेलात पाणी मागितलं. "लई लख्ख गिलास हुता. जाऊ दे पोरीला."

सायलीला जागा मिळाली. ती आज तिथंच शिकते. त्या दिवशी तात्यांनी घरी जाऊन ट्रंक बघितली असणारच. मला एक शब्द बोलले नाहीत. पण त्या कडीला परत कधी दोरा दिसला नाही. संशयी माणसानं माझ्यासाठी ट्रंक उघडी सोडली, आणि मी माफी मागायचं आज-उद्या करत राहिलो...

दहावं झाल्यावर कागदपत्रांसाठी त्यांच्या आधार कार्डाची प्रत काढली. संध्याकाळी शटर ओढण्याआधी सवयीनं झाकण उचललं, तर काचेवर तात्या पालथे. उलटून बघितलं. फोटोतही तसेच, डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते. "चुकलो, तात्या," मी म्हणालो. कार्ड खिशात घातलं, शटर अर्धं ओढलं... आणि पुन्हा वर करून जुन्या मशीनचंही झाकण उचलून बघितलं.