बुधवारी आम्ही नागपूर पाहिलं

उमरेडहून नागपूर एस.टी.नं दीड तास. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात आम्ही किती वेळा नागपूरला गेलो असू याची गणती नाही. पण पाहायला म्हणून कधीच नाही. कुणाच्या लग्नाचा बस्ता, मुलीची अ‍ॅडमिशन, कुणाची तेरवी, सीताबर्डीवरून मिक्सर दुरुस्त करून आणणं. काम झालं की मिळेल ती गाडी पकडायची आणि स्वयंपाकाच्या वेळेला घरी.

त्या बुधवारी मात्र हाताशी काहीच काम नव्हतं. तपासण्या मंगळवारीच संपल्या होत्या. गुरुवारी सकाळी भरती व्हायचं होतं, शुक्रवारी ऑपरेशन. दवाखान्याच्या मागच्या धर्मशाळेत आम्हाला एक खोली मिळाली होती. उठल्यापासून मी कागदांची पिशवी पुन्हा पुन्हा लावत बसले होते, तेव्हा माझे यजमान खाटेवरून म्हणाले, "किती वेळा लावशीन वं ते? चाल, आज नागपूर पाहू."

त्यांना जिभेचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी सोमवारी आम्हा दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं. जिभेचा अर्ध्याहून जास्त भाग काढावा लागेल, जबड्याचाही तुकडा जाईल. जीव वाचण्याची आशा आहे, पण बोलणं पहिल्यासारखं येणार नाही आणि चवही राहणार नाही. कुणी बसची वेळ सांगितल्यावर हलवावी तशी यजमानांनी मान हलवली होती.

त्यांच्या घरी हातमाग होता. पंचविशीपर्यंत त्यांनी लुगडी विणली. मग गिऱ्हाईक गेलं, माग विकला, आणि ते कोळशाच्या खाणीत पंपावर लागले. तिथं रात्रपाळीत जागं राहायला खर्रा सुरू झाला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा आमच्याकडे पानटपरीवर चहाइतका सहज मिळतो. पंचवीस वर्षं त्यांचा डावा गाल भरलेलाच असायचा.

कोपऱ्यावर पोह्यांचा ठेला होता. त्यांचं तोंड तेव्हा दोन बोटंच उघडायचं आणि तिखट सहा महिन्यांपासून बंद होतं. त्यांनी दोन प्लेटा सांगितल्या, एक सुकी आणि एक चण्याची लाल तर्री घातलेली. मला वाटलं, तर्रीची माझी. त्यांनी तीच स्वतःकडे ओढली आणि चमचाभर रस्सा तोंडात सोडला. डोळे भरून आले, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, पण त्यांनी गिळलं. ठेलेवाल्यानं न विचारता पाण्याचा ग्लास पुढं केला.

"काहून असं करता तुमी?" मी चिडले.

त्यांनी ग्लास रिकामा केला. मग ती प्लेट त्यांनी माझ्याकडे सरकवली. "चव लागलीच नाही. नुसती आग. तू खाय, अन् मले सांग कशी आहे."

"पोह्यासारखे पोहे आहेत."

"असं नोको सांगू. नीट सांग."

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. पोरांना आंबट, तुरट, खारट शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली, आणि तिथं मला एक वाक्य जुळेना. तेल जास्त आहे, मी म्हणाले. चणे थोडे कच्चे राहिलेत, लसूण चांगला परतलाय. ते सुके पोहे दाताखाली न घेता तसेच गिळत माझं ऐकत होते.

मग आम्ही संग्रहालयात गेलो. चित्रांच्या दालनात मी पुढं पुढं जात होते आणि ते एकाच चित्रापाशी थांबले होते. कुठल्याशा श्रीमंत घरच्या बाईचं जुनं तैलचित्र होतं. मी परत आले तर ते काचेला नाक लावून तिच्या लुगड्याची किनार पाहत होते.

"यानं लुगडं समोर ठेवून काढलं," ते म्हणाले. "पाह्य, किनार जिथं वळते तिथं धागा असाच दाबला जाते. बाकीच्याईनं नुसता रंग फासला."

बाईचा चेहरा कसा होता हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आतल्या एका खोलीत हातमाग मांडला होता. दोरी बांधून, पुढं माहितीची पाटी ठेवून. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, वाकून खालून पाहिला आणि दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याला हाक मारली. तो पन्नाशीचा असेल, अंगावर निळा शर्ट, आणि गालात खर्रा.

"हा माग कोनं लावला गा?"

"आधीपासूनच आहे. काहून?"

"ताण्याचे धागे फणीतून ओवलेच नाहीत. वरून नुसते बांधून ठेवले. असा माग चालन कसा?"

"चालवायचा कुठी आहे भाऊ," पहारेकरी म्हणाला, "पाहायचाच तर आहे."

त्यावर यजमान त्याला माग समजावून सांगू लागले. ताण्याचा उभा धागा कुठून निघतो, फणीच्या घरातून कसा जातो, पाय दाबला की अर्धे धागे वर कसे उचलले जातात आणि मधल्या वाटेनं आडवा धागा घेऊन धोटा कसा पळतो. जड जिभेनं, मधे मधे लाळ पुसत ते बोलत होते. घरात माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलायचा. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पहारेकऱ्यानं आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि स्वतः उभा राहून ऐकत राहिला.

बोलता बोलता ते थांबले. त्याच्या गालाकडे पाहून म्हणाले, "फेकून दे ते."

तो हसला. "सुटत नाही भाऊ."

"परवा माही जीभ कापून राहिले," यजमान म्हणाले.

पहारेकरी बाहेर गेला. थुंकल्याचा आणि चूळ भरल्याचा आवाज आला. परत येऊन तो म्हणाला, "पुढचं सांगा." त्यांनी पुढचं सांगितलं. तासाभरानं आम्ही बागेतून फाटकाकडे जात होतो तेव्हा तो दुसऱ्या दारापाशी उभा होता आणि तळहातावर नवीन पन्नी घोटत होता. आम्हाला पाहून त्यानं हात मागं नेला. यजमानांनी त्याला नमस्कार केला.

सीताबर्डीला आम्ही वही घ्यायला गेलो, कारण ऑपरेशननंतर लिहून बोलावं लागेल असं नर्सनं सांगितलं होतं. दुकानदारानं पेन चालवून पाहायला कागद दिला. लोक अशा वेळी आपलं नाव लिहितात. त्यांनी उभ्या आडव्या रेघा मारून लहानशी किनार काढली आणि पेन घेतलं. फाल्गुनाचं ऊन चढलं होतं. त्यांचा रुमाल ओला झाला होता, म्हणून मी रस्त्यावरून दोन नवे घेतले.

जेवायला त्यांनी मला सावजी भोजनालयात नेलं. तो काळपट, जहाल रस्सा मुळात आम्हा विणकरांच्याच घरचा. मी नको म्हणत होते. त्यांच्यासमोर कसं जेवायचं? त्यांनी माझ्यासाठी मटण आणि भाकर मागवली, स्वतःसाठी वरण आणि मऊ भात. भात कुस्करायला त्यांना माझ्या जेवणाहून जास्त वेळ लागला.

"सांग," ते म्हणाले.

यावेळी मला जमलं. मसाला थोडा करपलाय, मी सांगितलं, खसखस कमी आहे, तिखट आधी जिभेवर लागत नाही, घशात उतरल्यावर लागतं. मटण मात्र चांगलं शिजलंय.

"तुह्या हातच्यासारखं नाही ना?"

"नाही."

"मले माहीत होतं."

मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "एकतीस वर्षांत तुमी कधी म्हटलं नाही."

"खाऊन राहिलो म्हंजे तुले समजत असीन, असं वाटे."

मला काही समजत नव्हतं. आमच्या घरी ते ताटावर बसायचे, जेवायचे आणि उठायचे. ताट रिकामं असायचं हे खरं. पण ताट रिकामं पाहून बाईचं समाधान व्हावं, असं कुणी ठरवलं? मला राग आला होता, आणि कॅन्सर झालेल्या माणसाचा राग येतोय याची लाज वाटत होती. मी उरलेला रस्सा पिऊन टाकला.

संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर बसलो. मला वाटत होतं, आता ते जपून ठेवण्यासारखं काही बोलतील. ते सांगत होते की गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, मोटार उन्हाळ्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवू नको, आणि मागच्या दाराची कडी बसत नसेल तर दार थोडं वर उचल. मी हो हो म्हणत होते. शेजारी दोन कॉलेजची पोरं आईस्क्रीम खात होती. पाण्यावर ऊन तांबडं झालं होतं.

शेवटी मीच बोलले. 

"खर्रा मीच आणून देत होती," मी म्हणाले. "शाळेतून येतानी, टपरीवरून."

ते खरं होतं. माग गेल्यावर त्यांचं कशातच लक्ष लागत नसे, क्षुल्लक गोष्टीवरून ते भांडायचे. गाल भरलेला असला की भांडत नसत. म्हणून मी रोज संध्याकाळी एक पन्नी पर्समध्ये टाकून आणायचे आणि न बोलता त्यांच्या उशाशी ठेवायचे. घर शांत राहायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गालात पांढरा डाग दिसला, तेव्हा मुलीचं लग्न तोंडावर होतं. गरमी झाली असेल, ते म्हणाले, आणि मीही तसंच धरून चालले.

त्यांनी नवा रुमाल तोंडाला लावला, काढला. "तू नसता आणला तर मीच आणला असता."

"पण आणला मी."

"हो," ते म्हणाले. "आणला तू."

नाही, तुझा काय दोष, असं ते म्हणाले असते तर मला विश्वास बसला नसता. त्यांनी माझा हात धरला नाही. भर रस्त्यात ते कधीच धरत नसत. थोड्या वेळानं म्हणाले, "पाय दुखून राहिले तुहे, ऑटो करू." आणि आम्ही धर्मशाळेत परत आलो.

ऑपरेशन नऊ तास चाललं. ते त्यातून उठले. नाकातली नळी दोन महिन्यांनी निघाली, मग पातळ पेज, मग दूधभात. बोलत होते, पण घशातून नुसते आकार यायचे. मला त्यातलं निम्मं कळायचं, शेजाऱ्यांना काहीच नाही. वहीत त्यांनी फार लिहिलं नाही. लिहायचा त्यांना कंटाळा होता. "पाणी", "पंखा", "कोण आलं". सोळा महिन्यांनी गाठ मानेत परत आली, आणि मार्गशीर्षात एका दुपारी ते घरीच वारले. मुलगी पुण्याहून पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेरवी झाल्यावर ती आठ दिवस राहिली. एका सकाळी भाजी निवडताना मी तिला म्हणाले की त्यांचं बोलणं आठवतं, शब्दन् शब्द आठवतो, पण आवाज आठवत नाही. डोळे मिटले की तो नंतरचा घोगरा आकारच ऐकू येतो. ती उठली आणि फोन घेऊन आली. तिच्याकडे त्यांचा एक जुना व्हॉइस मेसेज होता, आजाराच्या आधीचा. माझा फोन लागत नसला की ते तिला तसा पाठवायचे, आणि हा एक तिच्याकडून पुसायचा राहून गेला होता.

"मायले सांगजो, मी बसस्टँडवर आहे," त्यात ते म्हणत होते. मागं गाडीचा हॉर्न वाजत होता. "छत्री घेऊन निंगाली का ते विचार. नसीन तर मी थांबतो म्हन."

मुलीनं विचारलं, पुन्हा लावू का. मी नको म्हणाले आणि मेथीची जुडी पुढं ओढली.