किल्टवाले मामा

पॅन्ट घालणाऱ्या माणसाच्या आयुष्यात किस्से घडत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. तो घरातून निघतो, कामं उरकतो आणि परत येतो. मी मात्र कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायला गेलो तरी एखादा किस्सा पदरात पाडूनच घरी येतो. आता इतके साठलेत, की मित्र जमले की फर्माईश होते, "तो टोलनाक्याचा सांग!"

तर ज्यांनी मला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: मी किल्ट घालतो. हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा, मागे चुण्या असलेला लोकरीचा किल्ट. पूर्वी मी बोटीवर इंजिनिअर होतो. एकदा आमची बोट दुरुस्तीसाठी स्कॉटलंडच्या बंदरात अडकली. तिथे गंमत म्हणून एक घेतला, घातला आणि लक्षात आलं, की इतकी वर्षं मी पायांना उगाचच दोन नळ्यांमध्ये कोंबत होतो. पुढे नोकरी सोडून वडगाव मावळात हार्डवेअरचं दुकान टाकलं. किल्टसोबत पुढे लटकवायची चामड्याची पिशवी मिळते, तिच्यात माझी मेजरिंग टेप आणि दुकानाच्या किल्ल्या असतात. सण नाही, नाटक नाही, माझा तो रोजचा कपडा आहे.

०

सगळ्यांना एकच प्रश्न पडतो. पुरुष तो विचारायला दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत थांबतात. खिळ्यांचा भाव विचारतात, मग स्क्रूचा विचारतात, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणतात, "शेठ, एक विचारू का? आत काय घालता?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. "आत मी असतो."

बायका हे कधीच विचारत नाहीत. त्या सरळ कापड बघतात. आमच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका मावशींनी तर कडेचं कापड चिमटीत धरून चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "लोकर हाय व्हय? मंग पावसाळ्यात वाळत न्हाई ना?"

इतक्या वर्षांत मुद्द्याचा प्रश्न विचारणारं ते एकच माणूस. खरंच वाळत नाही हो. आमच्या पावसात आठवडा आठवडा पंख्याखाली लटकतो आणि घरभर ओल्या मेंढीचा वास सुटतो. बायको तेवढ्यापुरती वैतागते, बाकी तिची काही तक्रार नाही.

०

तक्रार एकाच माणसाची आहे. माझी थोरली बहीण, आक्का. ती तळेगावला असते. रस्त्यात मी समोरून येताना दिसलो की तिला पलीकडच्या दुकानातली भांडी बघायची असतात. किल्ट हा शब्दही ती उच्चारत नाही. "ते" म्हणते.

गेल्या वर्षी तिच्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न ठरलं, इंदुरी गावच्या घरात. आनंदाची बातमी देऊन झाल्यावर आक्का मुद्द्यावर आली. "मुलीला मांडवात मामाने आणायचं असतं. सगळा मांडव तुझ्याकडे बघणार. त्या दिवशी पॅन्ट घालून ये, नाहीतर मी चुलतभावाला उभा करते."

ऋतुजाला पहिल्यांदा सायकलवर बसवणारा मी, आणि तिला मांडवात दुसरा कोणी आणणार? फार लागलं ते. जगाला उत्तरं देता येतात, बहिणीला काय देणार?

०

आता टोलनाका. रविवारची दुपार, आम्ही उर्स्याच्या रांगेत. सोबत माझा दोस्त बाळू इलेक्ट्रिशियन. पुढच्या गाडीचा फास्टॅग काही केल्या स्कॅन होईना. तो ड्रायव्हर ओरडतोय, केबिनमधली मुलगी ओरडतेय आणि मागच्या यच्चयावत गाड्या हॉर्न वाजवताहेत. कोणाचं कोणाला ऐकू जात नव्हतं. काय झालंय बघावं म्हणून मी गाडीतून खाली उतरलो.

हॉर्न बंद झाले. एकामागून एक करत पार शेवटच्या ट्रकपर्यंत शांतता. लोक काचा खाली करून बघत राहिले. त्या शांततेत ड्रायव्हरला मुलीचं बोलणं ऐकू आलं, त्याने टॅग काचेवरून काढून हातात धरला, आणि फाटक उघडलं.

तेव्हापासून कुठेही ट्रॅफिक तुंबलं की बाळू शांतपणे म्हणतो, "भाऊ, उतरा."

०

लोणावळ्याच्या एका मोठ्या हॉटेलात नळांची ऑर्डर पोचवायला गेलो होतो. मॅनेजरची वाट बघत दारात उभा होतो, तेवढ्यात एक चकचकीत गाडी आली. साहेब उतरले, गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आत निघून गेले. किल्ली हातात आलीच आहे तर म्हटलं, लावू. लावली. अगदी सावलीत लावली. बॅगाही आत नेऊन ठेवल्या. त्यांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "तुमचा युनिफॉर्म खूप छान आहे."

मॅनेजर हे सगळं काउंटरमागून पाहत होता. मी निघालो तेव्हा हॉटेलचा खरा दरवान माझ्यामागून धावत आला. फेटा, कोट, भरघोस मिशा. हात जोडून म्हणाला, "सायेब, फुडच्या खेपंला पॅन्ट घालून या. आमचा मॅनेजर तुमच्याकडं लय टक लावून बघत व्हता, माजी नोकरी जायची."

०

एकदा पाहुण्यांना घेऊन दरीच्या पॉइंटवर गेलो. तिथला वारा तुम्हाला माहीत आहेच. मी कठड्याशी उभा राहिलो, तर आजूबाजूची मंडळी सेल्फी काढायची थांबली आणि सगळे मोबाइल माझ्याकडे वळले. भजीवालाही झारा तेलातच ठेवून बाहेर आला. वाऱ्याची वाट बघणं चाललं होतं, दुसरं काय!

वारा आला. टोप्या गेल्या, एका काकांची छत्री उलटी होऊन दरीत गेली, भज्यांच्या कागदी प्लेटा आभाळात गेल्या. किल्ट जागचा हलला नाही. चांगल्या लोकरीचं वजन असतं, राव. भजीवाला उडालेल्या प्लेटांकडे बघत म्हणाला, "ह्येच्या नादात माजाच धंदा उडाला."

०

मग लग्नाचा दिवस उजाडला.

मी पॅन्ट घातली. राखाडी, नवीकोरी, इस्त्रीची. जेवणं झाली की घालायचा म्हणून किल्ट गाडीत ठेवला होता. कार्यालयाच्या दारात अत्तर लावणाऱ्या बाळूने माझ्याही मनगटाला अत्तर लावलं आणि म्हणाला, "या पाव्हणं." मग वर बघितलं. "भाऊ, तुमी?" त्याला ते बघवेना. मलाही चालताना अवघडल्यासारखं होत होतं. आक्काने मात्र मला पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मुहूर्ताला थोडाच वेळ होता. नवऱ्या मुलाचे एक काका आक्कापाशी आले. मी शेजारीच उभा. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून हसत म्हणाले, "ताई, बरं केलं, भावाला माणसात आणलं. आमी भ्यालो व्हतो, मांडवात घागरा नेसून येतोय का काय!"

भोवतीची चार माणसं हसली. मीही हसलो, लग्नघर आहे म्हणून. आक्का हसली नाही. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. लहानपणी शाळेत मला कोणी मारलं की तो अस्साच लाल व्हायचा, आणि मग त्या पोराची धडगत नसायची.

तिने माझं मनगट धरून मला खोलीत नेलं. "कुठे आहे तो तुझा किल्ट?"

हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. "गाडीत."

"घालून ये."

"आक्का, मुहूर्त..."

"मुहूर्ताचं मी बघते."

बाळूला सांगावं लागलं नाही, तो केव्हाच गाडीकडे पळाला होता. मी बदलून आलो तोवर माइकवरून मामाच्या नावाचा पुकारा झाला होता. ऋतुजाने मला पाहिलं, नथ सावरली आणि माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघं मांडवात शिरलो, आणि उर्स्याच्या टोलनाक्यासारखी शांतता पसरली. ते काका अक्षता मुठीत धरून जागच्या जागी उभे. मी ऋतुजाला अंतरपाटापाशी नीट उभं केलं आणि तिच्यामागे ताठ उभा राहिलो.

गुरुजींनी मंगलाष्टकासाठी तोंड उघडलं, त्यांची नजर माझ्या गुडघ्यांवर गेली, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

आक्का पुढे झाली. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तरी कुठे पॅन्टमध्ये आहात? सुरू करा."