बाबांसाठी घेतलेला रिसीव्हर

माझ्या भावाच्या हॉलमध्ये टीव्हीखाली एक काळा ठोकळा बसलाय. घरी येईल त्याला भाऊ त्याची ओळख करून देतो. हा होम थिएटरचा रिसीव्हर, सगळे स्पीकर यालाच जोडलेत, कुठून किती आवाज यायचा ते हाच ठरवतो. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, "बाबांसाठी घेतला. त्यांना ऐकू येत नाही ना." पाहुणे हळहळतात. असा मुलगा नशिबाने मिळतो म्हणतात. मी तिथे असले तर उठून स्वयंपाकघरात जाते, कारण माझं तोंड वाईट आहे आणि दिवस सणाचा असतो.

आमचे बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. एका छपराखाली इतके साचे धडधडायचे की तिथे बोलणं म्हणजे ओठ हलवणं आणि हातवारे करणं. ऐकायचं ते डोळ्यांनी. घरी आल्यावरही बाबा आमच्या तोंडाकडेच बघत राहायचे, आणि आम्हाला वाटायचं सगळ्यांचेच वडील असे बघतात. कान गेलेत हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. चाळीत कोण हळू बोलतंय? ते लक्षात आलं गिरण्यांच्या संपात. भोंगे थांबले, पाळ्या थांबल्या, रस्त्यावर माणूस खाकरला तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायला लागलं. बाबांना मात्र येईना.

संप आज मिटेल, उद्या मिटेल करता करता मिटलाच नाही. बाबा परत गिरणीत गेले नाहीत. मग कुणाच्या तरी ओळखीने माटुंग्याला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. बहिऱ्या माणसाला वॉचमन! गाडीवाला मागून हॉर्न मारतोय आणि हे ढिम्म. थोड्याच दिवसांत सेक्रेटरीने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, पण सांगितलं ते जिना चढता चढता, पाठमोऱ्याने. बाबांना काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर कामावर हजर. मग गेटवरच हाताने हटकून परत पाठवलं. ते घरी आले तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो, आणि त्या सेक्रेटरीला मी अजून माफ केलेलं नाही.

आईला मात्र बाबांशी बोलायला आवाज लागायचा नाही. चाळीतली जमीन लाकडी फळ्यांची. आई टाच दोनदा आपटायची, बाबांच्या तळपायाला कळायचं, ते वळून बघायचे. मग ती समोर येऊन ओठ नीट हलवून बोलायची. भांडायचीसुद्धा तशीच. शेजारणींना वाटायचं, काय गुणी जोडपं आहे, हूं का चूं नाही. आई होती तोवर बाबा बहिरे नव्हते, असं मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

आई गेली. चाळ पाडून टॉवर झाला, आणि भावाला वरच्या मजल्यावर जागा मिळाली. जमीन चकचकीत लाद्यांची. त्यावर टाच आपटली तर आपलीच टाच दुखते. मी लग्न होऊन गिरगावात. भाऊ, भावजय वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. बाबांना गरम जेवण मिळतं, औषध मिळतं, कपडे स्वच्छ असतात. पण बोलायचं झालं तर चालता चालता बोलणार, ओट्याकडे तोंड करून बोलणार, मोबाइलमध्ये बघत बोलणार. बाबांनी "काय?" विचारलं की तेच पुन्हा, फक्त ओरडून, आणि तोंड तिकडेच. दोन वेळा काय विचारल्यावर बाबा तिसऱ्यांदा विचारत नाहीत. मान हलवतात. त्यांचं कळलं आणि नाही कळलं दिसायला एकच असतं, हे घरात फक्त मला ठाऊक.

त्यांचा जीव रमायचा तो एका गोष्टीत, टीव्हीवर रविवारी दुपारी लागणाऱ्या नाटकांत. तरुणपणी गिरणीतल्या हौशी नाटकांना ते विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करायचे. कोण अडकणार ते म्हणे ओठांवरून आधीच कळायचं. मी एकदा त्यांच्यासमोर बसून विचारलं, सिनेमे एवढे लागतात, ते का नाही बघत?

"नाटकातली माणसा समोर बघून बोलतत," बाबा म्हणाले. "घरातली नाय."



पुढे भावाने भिंतीवर लावायचा मोठा पातळ टीव्ही आणला. चित्र सुंदर, आवाज डबड्यातून आल्यासारखा. बाबांचा उरलासुरला कान आणि ओठ मिळून जे चालायचं तेही अडलं. आयुष्यात काही न मागितलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे मागितलं, "जरा शब्द कळतीत असा काय मिळता काय बघ." शब्द. एवढंच हवं होतं त्यांना. मी ते भावाला सांगितलं आणि त्याचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच समजायला हवं होतं.

आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकान परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. दारात आता गाड्या लावून देणारी मुलं उभी असतात. विक्रेता बिचारा सरळ होता. मी विचारलं तेव्हा त्याने नीट सांगितलं, की माणसांचं बोलणं जवळजवळ सगळं मधल्या स्पीकरमधून येतं, रिसीव्हरवर तेवढाच एक वाढवता येतो, वयस्कर माणसासाठी साधा लहान रिसीव्हर आणि समोर तीन स्पीकर पुरे. मी म्हटलं, झालं तर मग. पण भाऊ पलीकडे मोठ्या मॉडेलपाशी पोचला होता. मागे स्पीकर, बाजूला स्पीकर, कोपऱ्यात दणके देणारा वूफर.

ऐकवून दाखवायला विक्रेत्याने आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. खाली लाकडी जमीन होती, पाऊल पडलं की पोकळ वाजणारी. बाबांना बरोब्बर मधल्या खुर्चीत बसवलं. त्यांनी सवयीने चपला बाहेर काढल्या होत्या. लढाईचा कुठलासा सिनेमा लावला, आणि वूफरने पहिला दणका दिला. मग लगेच दुसरा. बाबा एकदम वळले आणि मागे बघायला लागले. अंधारात, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, शोधल्यासारखं. चेहऱ्यावर हसू. विक्रेता खूश झाला, काकांना मागचा आवाज लगेच कळला म्हणाला. भाऊ तर हरखलाच. बघितलंस ताई, बघितलंस, म्हणून माझा दंड दाबत राहिला.

मी बघितलं होतं. बाबा मागे कुणाला शोधत होते ते मला कळलं होतं, त्याला नाही. त्याच आईच्या पोटी जन्मलेला, त्याच फळ्यांवर रांगलेला, आणि याला आठवू नये? तिथल्या तिथे मोठं मॉडेल ठरलं. बाबांनाच आवडलंय म्हटल्यावर मी बोलणारी कोण?

बसवायला कंपनीचा माणूस आला तेव्हा मी नव्हते. त्या रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. माणूस बसतो त्या जागी, कानाच्या उंचीवर तो ठेवायचा. मग रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज काढून मोजतो आणि त्या जागेच्या हिशेबाने सगळं जुळवतो. तो माइक ठेवला सोफ्याच्या मधोमध, भावाच्या जागेवर. बाबांची वेताची खुर्ची होती गॅलरीच्या दाराशी, ती वाटेत येते म्हणून आणखी मागे सरकवली. मधला स्पीकर, ज्यातून शब्द येतात तो, दिसायला बरा नाही म्हणून काचेच्या कपाटात गेला. त्याच्यापुढे गणपती आणि सिंगापूरहून आणलेला काचेचा मासा. घ्या, बाबांसाठी घेतलेला रिसीव्हर!

पहिल्याच रविवारी बाबा म्हणाले, "आवाज आधी येता, तोंड मागसून हालता."

भाऊ हसला. बहिऱ्या माणसाला आवाज आधी आला की नंतर ते कसं कळणार, म्हणे. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले आणि नटाच्या ओठांवर नजर लावली. खरंच होतं. शब्द निसटता पुढे, ओठ मागे. आपल्याला फरक पडत नाही. ज्याचं अर्धं ऐकणं डोळ्यांत आहे त्याचं सगळंच विस्कटतं. मी दुकानात फोन लावला. विक्रेत्याने सांगितलं, असं होतं, रिसीव्हरच्या मेनूत आवाज किंचित थांबवून धरायची सोय आहे. मी ती केली, मधला स्पीकर चढवला, वूफर उतरवला. बाबांनी ते नाटक शेवटपर्यंत बघितलं आणि पडदा पडल्यावर मांडीवर थाप मारली.

पुढच्या खेपेला गेले तर सगळं पुन्हा होतं तसं. क्रिकेटला मजा येत नव्हती म्हणून भावाने बदललं होतं. मी पुन्हा केलं. त्याने पुन्हा बदललं. माहेरी गेले की आधी रिमोट हातात घ्यायचा, मग पाणी प्यायचं, असं माझं चालू झालं. भावजय म्हणाली, ताई, तुम्ही येता आणि ह्यांचा मूड जातो. जाऊ दे मेला मूड, मी म्हटलं, त्याच्या मुडाला दोन कान धडधाकट आहेत. हळूहळू बाबांनी नाटकं सोडली. टीव्हीसमोर असायचे, पण बघायचे खाली रस्त्याकडे. भाऊ सांगायचा, आता त्यांना इंटरेस्टच राहिला नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी ठरवूनच गेले. ओवाळलं, आणि भावाने ओवाळणी पुढे केली तर तबक मागे घेतलं. म्हटलं, मला हे नको. तो माइक काढ आणि बाबांच्या खुर्चीवर लाव. मधला स्पीकर कपाटाबाहेर काढ. मोजणी बाबांच्या जागेवरून झाली पाहिजे, आणि मग कुणी हात लावायचा नाही. बहिणीने मागितलेल्या ओवाळणीला भावाला नाही म्हणायची सोय नसते. भावाचा चेहरा पडला, पण त्याने खोक्यातून माइक शोधून आणला.

जेवणं झाल्यावर, फटाके थांबलेले बघून आम्ही बसलो. मासा उचलला, स्पीकर बाहेर आला. वेताची खुर्ची सरळ केली. माइक बाबांच्या कानाच्या उंचीवर यायला हवा, म्हणून खुर्चीवर चकलीचा डबा, त्यावर चिवड्याचा डबा, त्यावर माइक. बाबांना आमच्यात सोफ्यावर बसवलं. खिडक्या लावल्या, पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद केला. रिसीव्हरला अजिबात आवाज चालत नाही. भावाने बटण दाबलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

सगळं घर गप्प झालं. भावजय, तिची दोन्ही मुलं, माझा नवरा, सगळे हात मांडीत घेऊन त्या खुर्चीकडे बघत बसले. मला रडूच यायला लागलं. या माणसासाठी हे घर कधी एवढं गप्प बसलं नव्हतं. एकेका स्पीकरमधून बारीक सरसर येऊ लागली. ती आम्हाला येत होती. बाबांना दिसत होते ते मिटलेले ओठ, थांबलेला पंखा, आणि सगळे जिच्याकडे बघतायत ती स्वतःची रिकामी खुर्ची. त्यांनी एकेकाचा चेहरा चाचपल्यासारखा बघितला. माझे डोळे भरलेले दिसले. मग त्यांनी घाबरून, मोठ्याने विचारलं,

"कोण गेला?"

मोजणी थांबली. पडद्यावर सूचना आली, खोलीत आवाज आहे, पुन्हा सुरू करा. मुलं फिसकन हसली. मी बाबांचा हात धरला, पण माझे ओठ असे थरथरत होते की वाचण्यासारखं त्यांवर काही नव्हतं.

मग भाऊ उठला. बाबांच्या समोर येऊन गुडघ्यांवर बसला. त्यांच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट हलवून, अगदी आई बोलायची तसा बोलला.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा."

बाबांना ते पहिल्याच फटक्यात कळलं. "काय?" म्हणाले नाहीत. गॅलरीत जाऊन उभे राहिले, आणि मागे काचेचं दार भावाने सरकवून घेतलं. मोजणी पूर्ण झाली.

आता त्या खुर्चीवर शब्द अगदी स्वच्छ येतात, मी बसून बघितलंय. बाबा त्या दिवसापासून तिथे बसत नाहीत. टीव्ही लागला की ते आपणहून उठतात, गॅलरीत जातात आणि दार ओढून घेतात.