दित्याने काढलेले पाय

अक्कलकुव्याच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईने सांगितलं, चितारी दित्या गेला. महिना झाला त्याला. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस, पण भिंतीवर घोडा काढावा तर मीच, असं पार शहाद्यापर्यंत लोक म्हणायचे... दित्या डोंगरातून खाली उतरेपर्यंत.

आमच्या पाटलांनी वाघीण मारली, त्या वर्षी ओसरीची एक भिंत मला दिली, एक त्याला. शिकारीची गोष्ट काढा म्हणाले. मी घोड्यावर पाटील काढले, पुरुषभर उंच, हाती बंदूक, मिशा पीळदार. वाघीण खाली, मांजराएवढी. दित्याने बांबूची काडी चेचून गेरूत बुडवली आणि भिंतीचे सात चौकोन केले. नाल्यावर पाणी पिणारी वाघीण. पिल्लं. वाऱ्याकडे वळलेले कान. मग गवत, गवतापलीकडे नुसते पाय. शेवटच्या चौकोनात पिल्लं तेवढी.

पाटील म्हणाले, "यामा मी कोठे शे रे?"

"हाऊ जोडावाला पाय तुमनाच शे, पाटील. ती गवतमा व्हती. तठून माणूसना पायच दिसतस."

मला वाटलं, आता हा जोडा खाणार. पाटील बघतच राहिले. पुढे शिकारीला गेलेच नाहीत ते... आणि बायका लेकरं घेऊन त्याच भिंतीपाशी, माझ्या घोड्याला पाठ करून! शिकारीच्या चित्रात शिकारी दिसलाच पाहिजे, हे मी आजही म्हणतो.

दिवाळीआधी ओसरीला चुना मारायचं काम मी मागून घेतलं. माझ्या एकबैली गाडीतून चुना नेला, तेव्हा पाटलांच्या घरची माणसं खळ्यावर होती. माझी भिंत ठेवली, त्याची पांढरी केली. ओल आली होती, असं पाटलांना सांगितलं. बाजाराच्या दिवशी दित्या आला, पांढऱ्या भिंतीपाशी उभा राहिला, मग वळून म्हणाला, "आप्पा, तुमना घोडा भलता चांगला शे." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी परत केल्या असत्या.

परवा त्याच्या पाड्यावर गेलो. त्याची बायको घर सारवायला माती कालवत होती. चुलीमागच्या भिंतीवर माझा बैल, सर्जा! डावं शिंग जरा वाकडं, अगदी तसंच. तीनच चौकोन. गाडीत चुन्याची पोती. ओसरीसमोर सोडलेली गाडी. आणि बैलाच्या डोळ्यासमोर एक हात, अर्धी वाघीण पुसत असलेला. त्या दुपारी तिथे सर्जाशिवाय कोणी नव्हतं. अकरा वर्षं त्याला चारा मी घातला, आणि त्याने काय पाहिलं ते कळलं या दित्याला...

"हाई भिंत बी सारवू का, आप्पा?" तिने विचारलं.

"ऱ्हाऊ दे. तो हात मन्हा शे."

अंगठा मात्र त्याला जमलेला नाही.