आठशे नव्वदचं लोणचं

नेपाळातल्या कीर्तिपूरच्या लानीमाया महर्जनचं लप्सीचं लोणचं एकदा खाल्लं की माणूस दुसऱ्या लोणच्याला नावं ठेवायला लागे. बाई तोंडाची फटकळ, पण हाताला चव होती. नवरा गेल्यावर त्या आंबट फळांवरच तिनं घर सावरलं. लप्सी उकडायची, बियांवरून गर सोडवायचा, तेलात मेथी पार काळी करायची आणि बरण्या भरायच्या.

तिच्याच आळीतल्या तीर्थलाल साहुजींचं पाटणला मोठं दुकान होतं. काउंटरवर बारकोड वाचणारं मशीन आलं तसं त्यांनी बजावलं की काळ्या रेघा नसलेली बरणी यापुढे घेणार नाही. त्या रेघांखालचे नंबर देणारं कार्यालय देशात नव्हतं. मग सीमेवरच्या वीरगंजच्या एका दलालामार्फत तिनं भारतातल्या कार्यालयाकडून नंबर घेतला. त्याचे पहिले तीन आकडे आठशे नव्वद. नंबर कुठल्या कार्यालयानं दिला एवढंच त्या आकड्यांवरून कळतं, माल कुठे झाला ते नाही, हे दलालानं तिला नीट समजावलं होतं. ती मात्र हरखून शेजारणींना सांगत सुटली की आता माझी लप्सी कुठल्याही देशाच्या मशीनला ओळखता येते.

मग नाकाबंदीचा हिवाळा आला. भारतातून येणारे ट्रक सीमेवर अडले, गॅस संपला. लानीमाया अंगणात लाकडं पेटवून धुरात डोळे पुसत लप्सी उकडायची आणि भारताच्या नावानं बोटं मोडायची. तेवढ्यात भिंतींवर कागद लागले: आठशे नव्वद दिसलं की वस्तू खाली ठेवा. लोक बरण्या उलट्या करून आकडे वाचू लागले, आणि तिची खोकी दुकानातून परत आली.

ती तशीच खोकं कमरेवर घेऊन दुकानात गेली.

"लप्सी तिकडे पिकते तरी का, साहुजी?"

"मला कळतंय, दिदी. गिऱ्हाइकाला कोण समजावणार?"

"तुम्ही समजावा. नंबर तुम्हीच घ्यायला लावलात ना?"

"आणि दुकानाची काच फुटली तर?"

बाजूलाच आंब्याच्या सुट्या लोणच्याची बादली होती. चोरवाटेनं सीमेपलीकडून आलेलं ते लोणचं लोक पिशव्या भरभरून नेत होते, कारण त्यावर नंबरच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. लानीमायानं आकड्यांवर कागद चिकटवून पाहिला, तर मशीन वाचेना, म्हणून तशी बरणीही साहुजींनी नाकारली.

त्याच महिन्यात गुठीचं, म्हणजे आळीतल्या भाऊबंदांच्या मंडळाचं, भोज होतं. वर्षातून एकदा सगळे भाऊबंद एका पंगतीला बसत, आणि कोरड्या पोह्यांसोबतची लप्सी नेहमी लानीमायाची. गुठीच्या वडीलधाऱ्यांनी निरोप धाडला की लोणचं आण, पण भांड्यात काढून आण, पोरांनी आकडे पाहिले तर दंगा होईल. तिला हे फार लागलं. तरी तिनं परत आलेल्या बरण्या पितळी हंड्यात रिकाम्या केल्या आणि स्वतः वाढायला उभी राहिली.

पंगतीत बसलेल्या साहुजींनी बोटं चाटली. "याला म्हणतात आपल्या मातीची चव. बाजारात आता मिळत नाही असं."

"मिळत होतं की, साहुजी. तुमच्याच फळीवर."

मग कुणीतरी हसलं आणि पाठोपाठ अख्खी पंगत हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते साहुजी. हसत हसतच त्यांनी पत्रावळ पुढे केली. पंगतीत नाही म्हणायची रीत नव्हती, म्हणून तिनं वाढलं.

वसंतात सीमा उघडली. भिंतीवरचे कागद गळून पडले, आठशे नव्वदची बिस्किटं फळीवर परत आली. लानीमाया बरण्या घेऊन गेली, तर तिच्या जागी एका कारखान्याचं लोणचं बसलं होतं.

"जागा भरली, दिदी," साहुजी म्हणाले. "पण भोजाला लप्सी तुझीच हं."

पुढच्या भोजाला ती गेली, पण रिकाम्या हातांनी. पंगत शेवटपर्यंत लप्सीची वाट बघत राहिली, आणि तीही त्यांच्यात बसून कोरडे पोहे चावत राहिली.