दादाचं मशीन पुन्हा चालू करताना

दादा गेल्यावर त्याचा कॉम्प्युटर दोन वर्षं समोरच्या खोलीत जुन्या चादरीखाली झाकून होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हिंगणघाटात तो लोकांना घरांचे नकाशे काढून द्यायचा. शेवटच्या वर्षी त्याला बसवेना, तेव्हा तो खाटेवर पडून सांगायचा आणि वहिनी माउस धरायच्या. असं करत करतच त्या शिकल्या. दादा गेला त्या महिन्यातच एक अर्धवट नकाशा त्यांनी पूर्ण करून दिला, आणि मग काम येत राहिलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि मला कॉम्प्युटरचा नाद होता, म्हणून नवं मशीन आणि नवं सॉफ्टवेअर मी त्यांना बसवून दिलं. जुन्याची कुणाला गरज वाटली नाही.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. उन्हाळा लागला होता. आर्वीकडच्या तळेगावचे एक कापडदुकानदार घरी आले. दादाने त्यांचं खाली दुकान आणि मागे राहतं घर, असा नकाशा केला होता आणि त्याप्रमाणे बांधकामही झालं होतं. आता त्यांना वर मजला चढवायचा होता. त्यांच्याजवळचा कागद पावसाच्या ओलीने गेला होता. नकाशा कॉम्प्युटरमध्ये असेलच, या भरवशावर ते एवढ्या लांबून आले होते. वहिनींनी त्यांना चहा दिला आणि पंधरा दिवसांनी कळवते म्हणून सांगितलं.

नकाशाची फाइल होती. मी दादाच्या सगळ्या फाइली कधीच्या वहिनींच्या नव्या मशीनवर टाकून ठेवल्या होत्या. पण ती उघडली की नव्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे एकीकडे आणि रेघा दुसरीकडे दिसत. वहिनी बराच वेळ पडद्याकडे पाहत बसल्या. मग मला बोलावून म्हणाल्या, "भाऊजी, याच्यात खांब सरकून दिसून राह्यले. खांबच सरकले तर वरचं घर कशावर उभं राहीन?"

म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये दादाने तो काढला, त्यातच तो उघडायला हवा होता. आम्ही चादर काढली आणि बटण दाबलं. पंखा दोनदा घरघरला आणि थांबला. पुन्हा काही हललं नाही. मी झाकण उघडलं तर आतली मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्डच, गेलेली होती. हार्ड डिस्क मात्र शाबूत होती.

घरात माझा एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे फार काही नाही, सुटे भाग जमवून तयार केलेलं एक मशीन. पॅसेजमध्ये इन्व्हर्टरच्या शेजारी ते लाइट असेपर्यंत चालूच असायचं. त्याच्यावर घरचे फोटो आणि माझे पेपर असत. आई त्याला माझा दुसरा संसार म्हणायची. त्याच्यात व्हर्च्युअल मशीन चालवता येईल, हे मी वाचलं होतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रामने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याला स्वतःचं लोखंड काही नसतं, पण आतल्या विंडोजला ते कळत नाही. दादाची पूर्ण डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्यायची आणि सर्व्हरच्या आत तीच चालू करायची, असं मी ठरवलं.

तीन-चार दिवस ती विंडोजच्या बिघाड दाखवणाऱ्या निळ्या पडद्यावरच थांबत होती. एका रविवारी सकाळी ती पुढे गेली. आधी रंग फाटलेले, अक्षरं ही एवढी मोठी, आणि मग हळूहळू दादाचा डेस्कटॉप समोर आला. डाव्या बाजूला त्याने ओळीने लावलेले फोल्डर होते, गावांच्या नावांचे. पवनार, सेलू, आर्वी, तळेगाव. मी वहिनींना हाक मारली. त्या कणकेचे हात तसेच घेऊन आल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा आत गेल्या. मला वाटलं, आपण हे नको दाखवायला होतं.

पण दुपारी त्याच मला म्हणाल्या की हे माझ्या टेबलावर दिसेल अशी सोय करा, पॅसेजमध्ये उभं राहून काम होत नाही.

इथून खरा त्रास सुरू झाला. सर्व्हरवरून वहिनींच्या मशीनपर्यंत मी केबल टाकलीच होती. आतल्या मशीनचा पडदा सर्व्हर त्या केबलवरून पाठवणार आणि वहिनी तो आपल्या मॉनिटरवर पाहून काम करणार, अशी योजना. शिवाय आतल्या मशीनमधून मोठ्या प्रिंटरवर कागद काढायचा, तर त्यालाही घरच्या नेटवर्कवर आणायला हवं होतं. तशी सेटिंग मी केली. आणि तेव्हापासून सगळं लहरीवर चालायला लागलं. कधी पडदा छान दिसायचा पण प्रिंट जायची नाही. कधी वहिनींच्या मशीनला काहीच दिसायचं नाही, इंटरनेटसुद्धा नाही.

मी केबल बदलली. नेटवर्कचा डबा बदलला. त्या वर्षी आमच्याकडे दुपारी तीन-चार तास लोडशेडिंग असे आणि इन्व्हर्टर एवढा भार ओढत नसल्यामुळे सर्व्हरही तेव्हा बंद पडे. बिघाड दुपारीच जास्त होतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यावरून मी ठरवून टाकलं की हा उन्हाचा आणि व्होल्टेजचा दोष आहे. पॅसेजमध्ये जुना कूलर आणून सर्व्हरकडे तोंड करून लावला. मशीन थंड झालं. बाकी काही बदललं नाही.

त्यातच मी आणखी एक खेळ मांडला होता. दादाच्या सॉफ्टवेअरमध्ये घर उभं करून, फिरवून पाहायची सोय होती. आतल्या मशीनला खरं ग्राफिक्स कार्ड मिळत नव्हतं, त्याला सर्व्हर एक साधं, खोटं कार्ड दाखवत होता. सर्व्हरमधलं खरं कार्ड त्याच्याशी वाटून घेता यावं म्हणून सेटिंगमध्ये एक खूण करायची जागा होती. ती केली की घराच्या जागी काळा चौकोन यायचा आणि मशीन गोठायचं. कॉलेजातून आलो की मी त्याच्यामागे लागायचो. मला ते घर फिरताना पाहायचं होतं. दादाने ते कसं उभं केलं होतं, ते पाहायचं होतं. हे मी कुणाला बोललो नाही.

पंधरातले दहा दिवस गेले. एका संध्याकाळी वहिनींनी मला बसवलं. त्यांच्या हातात वाया गेलेल्या नकाशाचा मागचा कोरा भाग होता आणि त्यावर पाच दिवसांची नोंद. किती वाजता कोणतं मशीन लागलं, काय दिसलं, काय नाही. मी घरी नसताना त्या हे लिहीत होत्या.

"उन्हाचं काही नाई, भाऊजी," त्या म्हणाल्या. "सकाळी माह्यं मशीन आधी लागते, मग तुमी त्यायचं लावता. तवा पडदा दिसते, पण प्रिंट जात नाई. दुपारी लाइट आली की त्यायचं आपोआप आधी लागते, आन् मग माह्यालेच काही दिसत नाई. जे आधी उठते ते चालते. दुसऱ्याले जागाच राहत नाई."

मी कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग त्यांनी सहज सांगितलं की पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक लहानसा संदेश येतो, तो त्या रोज बंद करतात. तो नेहमीचाच असेल असं त्यांना वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्यांनी बंद केला नाही. मी वाचला. नेटवर्कवर हाच पत्ता असलेलं दुसरं मशीन आहे, असं त्यात लिहिलं होतं.

घरच्या नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता असतो आणि तो वेगळाच लागतो. दादाने त्याच्या मशीनचा पत्ता हाताने पक्का करून ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी वहिनींचं नवं मशीन बसवताना, प्रिंटरची जुनी जुळणी मोडू नये म्हणून, मीच तोच पत्ता त्याला दिला होता. जुनं परत सुरू होईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. मी भौतिकशास्त्राचा मास्तर. मुलांना सांगायचो की आधी निरीक्षण लिहा, मग कारण शोधा. आणि कूलर आणून लावला तो मीच.

कोणाचा पत्ता बदलायचा, असं मी विचारलं. मला वाटलं, दादाचा राहू द्या म्हणतील. त्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "त्यायचा बदला. माह्या मशीनवर रोजचं काम आहे."

आकडा बदलला आणि दहा मिनिटांत प्रिंट निघाली. खांब जागच्या जागी होते.

घर फिरवून पाहायची सोय मात्र काही केल्या चालली नाही. आणखी दोन दिवस द्या, करून पाहतो, असं मी म्हणत होतो. वहिनी कागदावर पट्टी ठेवून मापं तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले उभं घर पाहाचं नाई, भाऊजी. मापं भेटली, झालं." मी सेटिंगमधली ती खूण काढून टाकली आणि पुन्हा तिच्या वाटेला गेलो नाही.

वरच्या मजल्याचा नकाशा त्यांनी नव्या सॉफ्टवेअरमध्ये, स्वतःच्या मशीनवर काढला. कागद निघाला तेव्हा मी पाहिलं, कोपऱ्यातल्या चौकटीत नाव त्यांचं होतं. दादा गेल्यावर त्यांनी काढलेले आधीचे सगळे नकाशेही दादाच्याच नावाच्या चौकटीत जात होते. खालच्या मजल्याचा कागद त्यांनी तसाच ठेवला, दादाच्या नावाचा. दोन्ही गुंडाळून एकाच नळीत घातले. वर्ध्याला इंजिनिअरांची सही घेतली आणि तिथून आर्वीमार्गे बसने एकट्याच तळेगावला गेल्या. तोवर बांधकामाच्या जागेवर जायचं काम माझंच होतं.

संध्याकाळी आल्या त्या उन्हाने लाल होऊन. जिन्यापाशी कागद आणि भिंत यांत चार बोटांचा फरक निघाला, गवंड्याने बांधतानाच केला असावा, तो आपण कागदावर दुरुस्त करून घेतला, असं त्यांनी जेवताना आईला सांगितलं. दुकानदारांच्या बायकोने वर स्वयंपाकघर कुठे हवं ते बाजूला नेऊन सांगितलं म्हणे, नवऱ्यासमोर बोलली नाही. दादाला कुणी असं सांगितलं नसतं, असं आई म्हणाली. वहिनी हसल्या.

दादाचं ते मशीन सर्व्हरच्या आत पुढे पाच-सहा वर्षं राहिलं. जुनं गिऱ्हाईक आलं की वहिनी मला न विचारता ते चालू करत, माप घेत आणि बंद करत. मी कधी सर्व्हरवर दुसरं काही करत असलो, तर ते चालू आहे एवढं मला यादीत दिसायचं. मग मी माझं काम थोडं थांबवायचो, त्यांचं होऊ द्यायचो.