बोळाच्या तोंडाशी अडसर

रविवार, २६ एप्रिल, दुपार. हजर: मी, सकाळी जयसिंगपूरहून गाडी घेऊन आलेला माझा धाकटा भाऊ, त्याची बायको, आणि चहाच्या वेळेला, न बोलावता, मागच्या गल्लीतल्या खाला. गैरहजर: इंजिनिअर. ते सोमवारी सकाळी यायचे होते, आणि त्याआधी नव्या घराचा नकाशा आम्हाला पक्का करायचा होता.

शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली की घरातली बैठकसुद्धा मला अशीच सुरू करावी लागते. कोण आलं, कोण नाही, विषय काय. विषय एकच होता. बोळ.

शिवाजी पेठेतलं आमचं घर वडिलांनी बांधलेलं, दुमजली. स्लॅब गळायला लागला, डागडुजी करून कंटाळलो, म्हणून पाडून नवं बांधायचं ठरलं. वर मी, खाली भाऊ. त्याची बदली कोल्हापुरात होणार होती, त्यामुळे घाईही होती. घराच्या डाव्या अंगाला एक बोळ आहे. तो आमच्याच जागेतला, पण त्याचं एक तोंड आमच्या गल्लीत आणि दुसरं मागच्या गल्लीत उघडतं. वडिलांनी तिथं कधी दार बसवलं नाही. दूधवाला, शाळेची पोरं, तालमीतली मंडळी, सगळे तिथनंच जातात. मी केलेल्या आराखड्यात बोळ नव्हता. तेवढी पट्टी घरात घेतली की भावाची गाडी आत बसते आणि जिनाही सरळ होतो. मी मापं घेतली होती, कागदावर सगळं चोख जमत होतं.

"आणि खाला कुठनं येणार?" जेवताना भावानं विचारलं.

"मोठ्या रस्त्यानं. वळसा घालून."

"गुडघा बघितलास त्यांचा?"

खाला घरी मशीनवर साड्यांना पिको-फॉल करतात. आमच्या गल्लीच्या टोकाला दोन साडीची दुकानं आहेत, तिथनं त्या साड्या आणतात आणि करून परत पोचवतात. बोळातून ती चार पावलांवर. वळसा घातला तर चढ, रिक्षांची गर्दी आणि मटण मार्केटचा कोपरा. हे मला माहीत होतं. म्हणून तर मी खालांचा मुद्दा बैठकीत शेवटी ठेवला होता.

"मग गाडी कुठं लावायची?" भावजय म्हणाली. "डोक्यावर घेऊन झोपायचं का?"

मी ताटं उचलली. उचललेली ताटं घासली, घासलेली पुसली, मग ओटा पुसला, मग टेप घेऊन बोळात जाऊन रुंदी पुन्हा मोजली. ती सकाळइतकीच होती. परत आले तर भावानं लॅपटॉप उघडला होता.

"अक्का, इकडं ये. एक गंमत दाखवतो. ओळख बघू."

पडद्यावर हिरवं माळरान, कडेला निळा समुद्र, ऑलिव्हची ठेंगणी झाडं, आणि मधे एक रिकामा रस्ता. मी लगेच ओळखलं. आमचं ग्रीस.

भाऊ बारावीनंतर घरी बसला होता तेव्हा वडिलांनी त्याला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. त्यावर कोणीतरी हा खेळ घालून ठेवला होता. खेळ म्हणजे गाव वसवायचं. पुराणातलं ग्रीस; देव प्रत्यक्ष रस्त्यावर उतरतात, राक्षस येऊन घरं जाळतात, आणि वीर पुरुष बोलावल्यावर येतात. आपण रस्ते काढायचे, घरांच्या जागा आखायच्या, शेळ्या पाळून चीज करायचं, ऑलिव्हचं तेल काढायचं, मंडई बांधायची, मंदिरं उभी करायची. हे सगळं गावाला पुरलं की झोपड्यांची घरं होतात आणि घरांचे वाडे. पुरलं नाही तर लोक बोचकी बांधून निघून जातात.

त्या खेळात कुठलीच गोष्ट आपोआप घरात पोचत नाही. प्रत्येक गोष्ट कोणीतरी माणूस पायी नेतो. पाणी देणारी बाई घागर घेऊन निघते, तेलवाली मंडईतून निघते, आणि रस्ता नेईल तशी चालत राहते. ज्या घराच्या दारावरून ती गेली त्याला मिळालं. चौक आला की ती कुठंही वळते. थोडं चालली की परत.

भावाची पहिली गावं सगळी बुडाली. कारण सरळ होतं. त्यानं ती शिवाजी पेठेसारखी बांधली होती. प्रत्येक गल्ली दुसऱ्या गल्लीला जोडलेली, प्रत्येक बोळाला दोन तोंडं, दर थोड्या अंतरावर चौक. तेलवाली बिचारी पहिल्या चौकात डावीकडं जायची, दुसऱ्यात उजवीकडं, आणि समुद्रावर फिरून यायची. घरं तेलाविना. घरावर क्लिक केलं की आतला माणूस तक्रार करायचा. ती इंग्रजीत असे, पण भाऊ ती आपल्या आवाजात म्हणून दाखवायचा: "त्याल न्हाय, पाणी न्हाय, ऱ्हायचं कसं पावणं?"

"अरे, गल्ली एका बाजूनं बंद कर," मी म्हणायची.

"बंद गल्ली? पेठेत कोण ऱ्हाईल बंद गल्लीत?"

मग मी बसायची. खेळात रस्त्यावर अडसर टाकता येतो. चौक नको, एकच गोल रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंनी घरं, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तोंडाला अडसर. तेलवाली आत फिरत राहते, एकही दार चुकत नाही. माझी गावं वाढायची. वीर पुरुषाला बोलवायचं तर त्याच्या मागण्या पुऱ्या कराव्या लागतात: एवढी दारू साठवलेली हवी, एवढी चांगली घरं हवीत, नाटकाचा मांडव हवा. मी त्या वहीत लिहून एकेक खोडायची. शेवटची खोडली की तो समुद्रावरून डुलत यायचा. भाऊ म्हणायचा, "अक्का, तुझ्याकडंबी असाच एकजण येणार व्हता. यादी वाचून बंदरातनंच परत गेला."

वडील मागं उभं राहून बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "ह्या गावात पाणी किती दिवसाआड येतंय?"

"रोज," मी म्हटलं.

"मग गाव खोटं हाय," म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले. तेही बोळातूनच.

आता इतक्या वर्षांनी तेच माळरान समोर होतं आणि भाऊ काहीतरी ठरवून खेळत होता. मला ते उशिरा लक्षात आलं. त्यानं आडवा रस्ता काढला, त्याला समांतर दुसरा, आणि दोघांना जोडणारी एक अरुंद पट्टी. पट्टीच्या कडेला एक घर. आमचं.

"ही आपली गल्ली, ही मागची, हा बोळ," तो म्हणाला. "तुझ्या पद्धतीनं करू का माझ्या?"

"माझ्या. अडसर टाक."

त्यानं बोळाच्या तोंडाशी अडसर टाकला. भावजय शेवग्याच्या शेंगा मोडत बाजूला येऊन बसली. खेळ पळायला लागला. आमच्या गल्लीतली घरं एकेक करून वाढली. खापरी कौलं, मग पांढऱ्या भिंती. मला मनातून बरं वाटलं. मागच्या गल्लीत मंडई नव्हती, ती सगळी आमच्याकडं होती. तिथल्या झोपड्या झोपड्याच राहिल्या. मग एक रिकामी झाली.

"तिथं दुसरी मंडई बांध," मी म्हटलं.

"जागा कुठाय? तिकडं डोंगर हाय."

मी उठले. कपडे वाळले होते, ते काढले, घड्या घातल्या. परत आले तर आणखी एक झोपडी गेली होती.

तेवढ्यात खाला आल्या. बोळाकडच्या दारानं, नेहमीसारख्या, हाक न देता. काखेत माझी साडी, फॉल लावून झालेली. गुडघा धरून त्या पलंगावर टेकल्या.

"काय बघताय गं सगळी? सिनेमा हाय व्हय?"

"गाव हाय, खाला," भाऊ म्हणाला. "अक्का चालवतीया."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि बराच वेळ बघितलं. "ह्ये देऊळ कुणाचं?"

"समुद्राच्या देवाचं."

"पाण्याचा देव? मग डिवचू नका त्याला. पंचगंगा तशीच दर पावसाळ्यात दारात येतीया." मग त्यांचं बोट पडद्यावर आलं. "ही घागरवाली बाई हितनं परत का फिरली?"

मी काही म्हणायच्या आत भाऊ म्हणाला, "पुढं बंद हाय."

"कुणी केलं?"

"अक्कानं."

भावजयीनं शेंगा मोडणं थांबवलं. मी वाट बघत राहिले. वाटलं, आता बोलून टाकावं, विषय निघालाच आहे.

"बरं केलं," खाला म्हणाल्या. "उघडं ठेवलं की कोणबी शिरतंय. आपल्या बोळातनं ती पोरं मोटारसायकली कशी पळवत्यात, बघितलंस न्हवं? परवा माझ्या अंगावरच आला एकजण. साड्या खाली पडल्या. बंदच पाहिजे असलं."

मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "मग खाला, आपला बोळही बंद केला तर? घर नवं बांधणार आहोत ना."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. प्रश्न कळला नसावा असं वाटून मी तो दुसऱ्या शब्दांत विचारणार होते.

"आपला?" त्या म्हणाल्या. "आपला कशाला? मी त्या मोटारसायकलींचं म्हणतीया. बोळ तर घरातला हाय."

एवढं बोलून त्यांनी साडीची घडी उलगडून मला फॉलची शिलाई दाखवली. कुठं दोरा तुटला तर लगेच सांग म्हणाल्या. चहा घेतला. आणि ज्या दारानं आल्या त्याच दारानं, भिंतीला हात लावत, गेल्या. बोळाच्या भिंतीवर त्या उंचीला रंग उडून गुळगुळीत पट्टा झालेला आहे. मी दर दोन वर्षांनी तो रंगवून घेते आणि रंगारी दर वेळी विचारतो की इथंच कसा जातो. मी कधी खरं उत्तर दिलं नव्हतं. पोरांचे हात, म्हणायची.

मी परत लॅपटॉपजवळ येऊन बसले.

"अक्का, बघ," भाऊ म्हणाला. एक हातगाडीवाला तेलाची मडकी घेऊन अडसराजवळ आला आणि सरळ पलीकडं निघून गेला.

"हा कसा गेला?"

"ठरवून निघालेल्याला अडसर न्हाय. गोदामातनं गोदामात जातोय, त्याला ठिकाण माहिती हाय. नुसतं भटकतंय त्यालाच अडवतो तो. इतकी वर्षं खेळलीस, बघितलं न्हाईस?"

बघितलं नव्हतं. मी नेहमी दारं मोजायची. गाड्यांकडं कोण बघतो.

मी टेप घेऊन पुन्हा बोळात गेले. भाऊही मागोमाग आला. बोळाच्या तोंडाशी लोखंडी पाइप उभे केले, एक इकडं, एक थोडा आत तिकडं, वाकडी वाट ठेवून, तर माणूस जाईल, शाळेचं दप्तर जाईल, पिशवी घेतलेली बाई जाईल. मोटारसायकलचं हँडल वळणार नाही. आम्ही दोघांनी उभं राहून, कडेनं चालून बघितलं. भावानं हातात हँडल धरल्यासारखं करून गाडी काढायचा प्रयत्न केला आणि भिंतीला कोपर आपटून घेतलं.

"जमतंय की," कोपर चोळत तो म्हणाला.

"गाडी?" भावजय दारातून म्हणाली.

बोळाची पट्टी घेतल्याशिवाय गाडी आत बसत नाही, ते कागदावर सरळ दिसतं. मी तिला सांगितलं, तालमीच्या बाजूला मोकळी जागा आहे, रात्री तिथं लावतात लोक. ती म्हणाली, "पावसात छत्री धरून उभी ऱ्हाणार व्हय मी तिथं?" मग म्हणाली, "बघू." तिचं बघू म्हणजे नाही नसतं, होही नसतं. भाऊ म्हणाला, "मी बोलतो तिच्याशी," आणि तो संध्याकाळभर बोलला नाही.

मी इंजिनिअरना फोन केला. जिना उजवीकडं घ्या, बोळ ठेवा, तोंडाशी पाइप दाखवा. ते म्हणाले, जिना वाकडा होईल. होऊ दे म्हटलं. मला वाकडा जिना कधीच आवडलेला नाही.

मग शेवटचा प्रश्न त्यांनीच काढला. पाडकाम सुरू झालं की बोळात पत्रे लावून सगळं बंद करावं लागेल. राडारोडा, सळ्या, खडी. किती दिवस, मी विचारलं. ते म्हणाले, घर उभं राहीपर्यंत. दिवाळी तरी जाईल, पुढचा गुढीपाडवाही जाईल.

म्हणजे बोळ राहणार, आणि तरी खालांना तो मिळणार नाही. तेवढे महिने त्यांना साड्या घेऊन चढावरून जावं लागणार, किंवा कोणाला तरी त्या पोचवाव्या लागणार. पोचवणं मी करू शकते. बांधकाम होईपर्यंत मी पेठेतच भाड्यानं राहणार आहे, ऑफिसातून येताना दुकानं वाटेत आहेत. ते मी लगेच ठरवलं. पण ते त्यांना सांगायचं म्हणजे आधी दुसरं सांगावं लागतं. घरातला बोळ आतून बंद होणार आहे.

भाऊ आणि भावजय दिवेलागणीला निघाले. जाताना त्यानं लॅपटॉप माझ्याकडं ठेवला, "खेळ, झोप लागंल" म्हणाला. मी खेळ उघडला नाही. फॉल लावलेली साडी कपाटात ठेवली, परत काढली, शिलाई बघितली. दोरा कुठंच तुटलेला नव्हता.

सोमवारची कामं लिहून काढली. नकाशाची दुरुस्ती, झाली. जिन्याची दिशा, सांगून झाली. पाइपांचा दर, विचारला. तालमीजवळच्या जागेबद्दल कार्यकर्त्यांना विचारणं, फोन लावला, उद्या भेटू म्हणाले. मागच्या गल्लीकडच्या तोंडाचं माप, ते खालांच्या दारासमोर उभं राहूनच घ्यावं लागतं. टेप हातात घेऊन मी दोनदा बोळाच्या अर्ध्यापर्यंत गेले. त्यांच्या मशीनचा आवाज येत होता. दोन्ही वेळा भिंतीवरच्या गुळगुळीत पट्ट्यापाशी थांबून परत आले.

खालांना सांगायचं राहिलं आहे.